कबूल म्हणण्यापूर्वी

तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात वकिली करताना सर्वांत जास्त वेळा कानावर येणारा प्रश्न म्हणजे, "वकीलसाहेब, दंड किती बसेल?" विचारणारा बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कोर्टात आलेला असतो. फुटपाथवर माल मांडला, दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण राहून गेले, बांधकामाचा राडारोडा रस्त्याकडेला टाकला, शेजाऱ्याशी भांडताना आवाज चढला, अशा एखाद्या कारणाने त्याच्या हाती समन्स पडलेले असते. दिवसाची कमाई बुडालेली असते, घरचे काळजीत असतात आणि हे प्रकरण आजच्या आज मिटावे एवढीच त्याची इच्छा असते. ती समजण्यासारखी आहे. तरीही हे काम करता करता माझे एक मत पक्के होत गेले आहे. लहान खटल्यात सामान्य माणसाचे नुकसान न्यायाधीशांच्या कडकपणाने किंवा कायद्याच्या किचकटपणाने जितके होते, त्याहून अधिक त्याच्या स्वतःच्या घाईने होते. या घाईची दोन रूपे आहेत. कोणी तारखेला जायचेच टाळतो. कोणी जातो आणि काय विचारले ते न समजता 'कबूल' म्हणून बाहेर पडतो. दोघांनाही आपण प्रकरण संपवले असे वाटते आणि दोघांचेही प्रकरण तिथून वाढण्याची शक्यता असते. म्हणून कोर्टात पहिल्यांदा जाणाऱ्याला काय सांगावे असे कोणी विचारले, तर वेळ, कपडे, कागद यांच्याही आधी मी हे सांगेन की हजर राहा, आरोप समजून घ्या आणि मगच उत्तर द्या.

हे न्यायालय कोणाचे, इथून सुरुवात करायला हवी. नगरपालिकेने किंवा महापालिकेने खटला भरला की आपण पालिकेच्याच कोर्टात चाललो आहोत आणि तिथे पालिकेचाच शब्द चालणार, असे लोकांना वाटते. मोठ्या शहरांत पालिकेच्या खटल्यांसाठी वेगळी न्यायालये नेमून दिलेली असतात आणि बोलताना लोक त्यांना सरळ 'पालिकेचे कोर्ट' म्हणतात, त्यामुळे हा समज आणखी घट्ट होतो. प्रत्यक्षात पालिका तिथे फक्त फिर्यादी असते. निवाडा देणारे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हे राज्याच्या न्यायसेवेतले न्यायाधीश असून राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. त्यांची बदली किंवा बढती पालिकेच्या हाती नसते. आरोप नाकारला गेला, तर पालिकेच्या निरीक्षकालाही इतर कोणत्याही फिर्यादीसारखे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आपले म्हणणे पुराव्याने शाबीत करावे लागते. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. हे सर्वांत खालचे न्यायालय, म्हणजे इथे फार काही होणार नाही, असे काही जण धरून चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतची कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंतचा दंड देऊ शकतात. जुन्या संहितेत दंडाची ही मर्यादा दहा हजार होती. ज्या न्यायालयाला एवढा अधिकार आहे, तिथे दिलेले उत्तर हलके कसे असेल?

समन्स आले की बहुतेक लोक ते वाचत नाहीत, घडी घालून खिशात ठेवतात आणि कोणाकोणाला फोन करत सुटतात. त्या एका पानावर जवळजवळ सगळे लिहिलेले असते. खटल्याचा क्रमांक, फिर्यादी कोण, कोणत्या कायद्याचे कोणते कलम लावले आहे, कोणत्या न्यायालयात, किती तारखेला, किती वाजता, हे सारे त्यात सापडते. त्यातले कलम सर्वांत महत्त्वाचे. त्यावरून शिक्षा केवळ दंडाची आहे की कैदेचीही, गुन्हा जामीनपात्र आहे की नाही आणि तो आपसात मिटवता येतो की नाही, हे कळते. खटल्याचा सोळा अक्षरे-आकड्यांचा सीएनआर क्रमांक हाती आला, तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि आतापर्यंतची प्रगती घरबसल्या पाहता येते. "समन्स माझ्या हातात दिलेच नाही" हा बचावही वाटतो तितका भक्कम नाही. शोध घेऊनही माणूस भेटला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येते. जुन्या संहितेत ही व्यक्ती पुरुष असणे आवश्यक होते. नव्या संहितेच्या कलम ६६ मधून ती अट गेली आहे, त्यामुळे आईने किंवा पत्नीने घेतलेले समन्सही बजावणी म्हणून धरले जाते. घरच्यांनी समन्स घेतल्यावर ते देव्हाऱ्यामागे किंवा कपाटात ठेवून देऊ नये. त्याच दिवशी संबंधित माणसाला कळवावे.

समन्स बजावले गेले आणि माणूस आला नाही, की प्रकरण आरोपाच्या पुढे जाते. आधी जामीनपात्र वॉरंट निघते, मग अजामीनपात्र. पोलीस दारात येतात ते मूळच्या किरकोळ गुन्ह्यासाठी नव्हे, या वॉरंटसाठी. समन्स मिळूनही जाणीवपूर्वक गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे आणि न्यायालयाचे बोलावणे असेल तर त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जामिनावर सुटलेला माणूस तारखेला आला नाही, तर त्याच्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाच्या मुचलक्याची रक्कम अडचणीत येते, म्हणजे ज्याने सातबारा पुढे करून मदत केली त्यालाच भुर्दंड बसतो. आरोपी सापडतच नाही म्हणून काही खटले 'डॉर्मंट फाईल'मध्ये टाकले जातात आणि लोकांना वाटते केस संपली. ती संपलेली नसते. माणूस मिळाला की ती फाईल पुन्हा उघडते. मध्येच पासपोर्टचा अर्ज केला तर प्रलंबित फौजदारी खटला म्हणून तो अडतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. उलट बाजूने पाहिले, तर हजर राहण्यात आरोपीचा थेट फायदाही असतो. खासगी किंवा खात्याच्या फिर्यादीवरून चाललेल्या समन्स खटल्यात फिर्यादीच येत नसेल, तर त्याला तीस दिवसांची मुदत देऊन आरोपीला निर्दोष सोडण्याची तरतूद आहे. हा लाभ आपल्या बाजूने मागायला कोणीतरी तिथे असावे लागते.

येणे खरोखरच अशक्य असेल, तर त्यालाही कायद्यात वाट आहे. आजारपण, बाळंतपण, परीक्षा, परगावची नोकरी अशा कारणांसाठी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. कारण खरे असेल आणि सोबत कागद असेल, तर तो सहसा मंजूर होतो. वॉरंट निघालेच असेल तर ते रद्द करून घेण्यासाठी स्वतःहून हजर व्हावे. पकडून आणलेला माणूस आणि आपणहून आलेला माणूस यांच्याकडे कोणतेही न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. जामिनाच्या भीतीने येणे टाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. जामीनदार मिळत नसेल आणि ऐपत नसेल, तर केवळ जातमुचलक्यावर सोडण्याचीही कायद्यात सोय आहे.

आता प्रत्यक्ष तारखेचा दिवस. न्यायालयाचे कामकाज अकराच्या सुमारास सुरू होते, पण साडेदहाला पोहोचलेले बरे. कोर्टहॉलच्या दाराशी किंवा व्हरांड्यातल्या फलकावर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. त्यात आपला क्रमांक कितवा हे पाहून ठेवावे. आत न्यायाधीशांच्या खाली बेंच क्लार्क बसतात, बाजूला लघुलेखक असतात, एका बाजूला सरकारी अभियोक्ता आणि पोलीस ठाण्याचे पैरवी करणारे कर्मचारी असतात. दाराशी उभा असलेला शिपाई नावाचा पुकारा करतो. पुकारा ऐकू आला की पुढे जाऊन शांतपणे उभे राहायचे, हात खिशात नकोत, फोन बंद हवा. न्यायाधीशांना 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हटले तरी चालते, इंग्रजी संबोधन येत नाही म्हणून लाजण्याचे कारण नाही. चहाला किंवा झेरॉक्सला बाहेर जायचे झाले, तर आपल्या वकिलाला किंवा शेजारी बसलेल्या कोणाला सांगून जावे. तेवढ्या वेळात पुकारा होऊन गेला, तर दिवसभर थांबलेला माणूसही कागदोपत्री गैरहजर ठरतो. दिवस बहुतेक वाट पाहण्यातच जातो. सकाळी जामीन आणि रिमांडची कामे निघतात, साक्षीदार आलेले असतात, दुपारी दोनच्या आसपास जेवणाची सुट्टी होते. आपल्या खटल्याला अनेकदा दोन-तीन मिनिटेच मिळतात. चार तास ताटकळल्यावर आलेल्या त्या दोन मिनिटांत माणूस विचार करायच्या मनःस्थितीत नसतो. सारी गफलत इथेच होते, कारण नेमक्या त्याच दोन मिनिटांत त्याला खटल्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला जातो.

तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. ज्या गुन्ह्यांना दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, ते साधारणपणे समन्स खटले म्हणून चालतात. अशा खटल्यात सविस्तर दोषारोपपत्र ठेवण्याची गरज नसते. नव्या संहितेच्या कलम २७४ नुसार न्यायाधीशांनी आरोपाचा सारांश आरोपीला सांगायचा आणि गुन्हा कबूल आहे का, की काही बचाव द्यायचा आहे, हे विचारायचे. व्यवहारात यासाठी छापील नमुना असतो. आरोपीचे नाव, वय, धंदा, पत्ता, मग अमुक तारखेला अमुक ठिकाणी तुम्ही असे असे केले हा मजकूर, त्याखाली प्रश्न : आरोप समजला का? उत्तर : होय. गुन्हा कबूल आहे का? उत्तराची जागा मोकळी. शेवटी आरोपीची सही किंवा अंगठा आणि न्यायाधीशांची सही. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण 'होय' म्हणतो, कारण समजले नाही असे भर कोर्टात सांगायला संकोच वाटतो. माझ्या मते सारा खटला या पहिल्या 'होय'वर उभा असतो. तो खरा नसेल, तर दुसऱ्या उत्तराला अर्थ उरत नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे. कलम २७५ सांगते की कबुली शक्य तितक्या आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. १९६० च्या दशकात महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक मानली आणि आरोपीचे शब्द न नोंदवता झालेली शिक्षा टिकू दिली नाही. त्यामागचे कारण साधे आहे. "होय साहेब, माल ठेवला होता, पण तो माझ्याच ओट्यावर होता" हे वाक्य कबुलीसारखे ऐकू येते, पण त्यात बचाव आहे. ते वाक्य जसेच्या तसे लिहिले तर बचाव जिवंत राहतो. 'गुन्हा कबूल' एवढेच लिहिले, तर तो तिथेच पुसला जातो.

कबुलीनंतर मागे फिरण्याच्या वाटा फार थोड्या उरतात. कबुलीवरून शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही, अपील केवळ शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा कायदेशीरपणाबद्दल होऊ शकते. न वाचता कबूल करणारा अनेकदा आपल्याच बाजूचा मुद्दा टाकून देतो. उदाहरणार्थ, ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने साधारणपणे सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. उशीर झाला असेल आणि तो माफ केलेला नसेल, तर हा मोठा बचाव आहे. तारखा ताडून पाहणाऱ्यालाच तो सापडतो. शिवाय दोषी ठरल्याची नोंद दंडाच्या पावतीबरोबर संपत नाही. सरकारी नोकरीच्या पडताळणीच्या अर्जात कधी अटक झाली का, खटला चालला का, न्यायालयाने दंड केला का, असे प्रश्न असतात. पाचशे रुपयांचा दंड भरून विसरलेला तरुण तिथे 'नाही' लिहितो आणि माहिती दडवल्याचा ठपका घेतो. २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तत्त्वे घालून दिली आणि किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणारा ते पोटात घालू शकतो, असेही म्हटले. पण ते नोकरी देणाऱ्याच्या विवेकावर राहते. तिथपर्यंत वेळ येऊ न देणे अधिक शहाणपणाचे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो वजनदार आहे. दंड काही शेकड्यांचा, वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट, प्रत्येक तारखेला एक रोज बुडणार. मग लढायचे कशाला? हा हिशेब मी नाकारत नाही. चूक खरोखर झाली असेल, आरोप समजला असेल आणि परिणाम माहीत असतील, तर कबुली देणे प्रामाणिकपणाचे आहे आणि पुष्कळदा तेच योग्य असते. माझा विरोध कबुलीला नाही, न समजता दिलेल्या कबुलीला आहे. हिशेब करायचा तर पूर्ण करावा, म्हणजे दंडाबरोबर दोषसिद्धीची नोंदही त्यात धरावी आणि सगळे पर्याय समोर ठेवावेत. अनेक कायद्यांत खात्याकडेच तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येते आणि त्यात दोषी ठरवले जात नाही. वाहतुकीच्या ई-चलनांची पुष्कळ प्रकरणे लोकअदालतीत मिटतात. आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यात तडजोड झाली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. धनादेश न वटल्याचा खटलाही असाच मिटवता येतो आणि तिथे तर शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. पहिलाच गुन्हा असेल, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली दंडाऐवजी समज देऊन सोडण्याची विनंती करता येते. त्या कायद्याचे कलम १२ सांगते, की असे सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. कबूल करणाऱ्या किती जणांना ही विनंती करता येते हे माहीत असते? पाच मिनिटे विचारपूस केली असती, तर त्याच कबुलीचा परिणाम कितीतरी सौम्य झाला असता.

'कबूल करा, थोडक्यात सुटाल' हा सल्ला व्हरांड्यात सहज मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही, पण तो हमी देऊ शकत नाही, कारण शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त न्यायाधीशांचा. या सल्ल्याचा धोका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९८० च्या कासमभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य या अन्नभेसळीच्या खटल्यात आणि १९८० च्याच दशकात थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात हलक्या शिक्षेच्या भरवशावर आरोपींनी कबुली दिली, खालच्या न्यायालयाने तशी शिक्षाही दिली आणि मग उच्च न्यायालयात ती वाढली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वेळा वाढीव शिक्षा रद्द केली आणि अशी आमिषाची कबुली अन्याय्य ठरवली. त्या आरोपींना न्याय मिळाला खरा, पण दिल्लीपर्यंत जाऊन. तालुक्यातल्या भाजीविक्रेत्याला तो रस्ता परवडणारा नाही. कबुलीच्या बदल्यात सवलत हवीच असेल, तर संहितेत त्यासाठी वाटाघाटीचे वेगळे प्रकरण आहे. त्यात अर्ज लेखी असतो आणि आरोपी तो स्वेच्छेने करतो आहे ना, याची खात्री न्यायाधीश स्वतः करून घेतात.

दुसरा आक्षेप न्यायव्यवस्थेच्या बाजूने येतो. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत. प्रत्येक किरकोळ आरोपी 'समजावून सांगा' म्हणू लागला तर कामकाज ठप्प होईल, असे म्हटले जाते. मला हे पटत नाही. समजून घ्यायला लागणारी पाच मिनिटे तुंबण्याचे कारण नाहीत. बजावली न गेलेली समन्से, गैरहजर आरोपी, न येणारे साक्षीदार आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या तारखा यांत न्यायालयाचा खरा वेळ जातो. हजर राहणारा आणि आपले उत्तर ठाऊक असणारा आरोपी कामाचा भार हलका करतो. कलम २७४ मध्ये आता अशीही तरतूद आहे, की आरोप निराधार वाटला तर न्यायाधीश कारणे नोंदवून आरोपीला तिथेच सोडू शकतात. म्हणजे या टप्प्यावर आरोप खरोखर तपासला जावा, ही कायद्याचीच अपेक्षा आहे. घाईच्या कबुलीने आकडा एकाने कमी होतो हे खरे. पण निकालांच्या संख्येसाठी माणसाच्या नावावर न समजलेला गुन्हा लागत असेल, तर तो निकाल न्यायाच्या खात्यात कसा जमा करायचा?

तिसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शेताच्या बांधावरून तीन पिढ्या भांडत राहणाऱ्या दोन घरांना हा सल्ला लाख मोलाचा आहे. खटला भरायचा की नाही, हे जिथे आपल्या हाती आहे, तिथे तो ऐकावा. समन्स आलेल्या माणसाला मात्र ही निवड उरलेली नसते. कोर्टाने त्याचे नाव आधीच बोर्डावर घेतलेले असते, त्याने फक्त स्वतःच्या पायांनी यायचे की वॉरंटवर यायचे एवढेच ठरवायचे असते. या म्हणीने आपल्या समाजाला कोर्टापासून लांब राहायला शिकवले, पण तिथे जावेच लागले तर कसे उभे राहावे, हे शिकवायचे राहून गेले.

गरिबाने हे कसे जमवावे, हा प्रश्न मात्र आक्षेप म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे, ते लोकांपर्यंत पोहोचलेले नाही. १९७८ च्या होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने मोफत वकिलाची मदत हा न्याय्य प्रक्रियेचा भाग ठरवला. १९८१ च्या खत्री खटल्यात न्यायालयाने म्हटले, की या हक्काची माहिती आरोपीला देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. १९८६ च्या सुक दास निकालाने त्याहून पुढे जाऊन सांगितले, की आरोपीने मागितले नाही म्हणून हा हक्क नाकारता येत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. भाषेची अडचणही सांगता येते. महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आरोप मराठीत सांगा असे म्हणण्यात कोणताही उद्धटपणा नाही. ज्याला मराठी येत नाही, त्यालाही समजेल अशा भाषेत साक्षीपुरावा समजावून मिळण्याचा हक्क आहे. आवारात फिरणाऱ्या, 'साहेब ओळखीचे आहेत' म्हणणाऱ्या मध्यस्थांच्या हाती मात्र एक रुपयाही देऊ नये. दंड न्यायालयात भरला जातो आणि त्याची पावती मिळते. पावतीशिवाय दिलेला पैसा दंड नसतो.

आरोप नाकारला तर पुढे काय, याचीही भीती असते. 'कबूल नाही' म्हटल्याने न्यायाधीश रागावत नाहीत. त्यांच्यासाठी तो रोजचा टप्पा आहे. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्याचे कागद आरोपीला विनामूल्य मिळतात. मग फिर्यादी पक्षाचे साक्षीदार येतात, त्यांचा सरतपास आणि उलटतपास होतो, पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला पुराव्यातल्या मुद्द्यांवर प्रश्न विचारतात, त्याला शपथ दिली जात नाही आणि उत्तर दिले नाही म्हणून शिक्षाही होत नाही. त्यानंतर बचावाचा पुरावा, युक्तिवाद आणि निकाल. वेळ लागतो, तारखा पडतात, हे खोटे सांगून उपयोग नाही. प्रत्येक तारखेला काय झाले ते रोजनाम्यात लिहिलेले असते. तो पाहण्याची सवय लावली, तर आपल्या खटल्यात काय चालले आहे यासाठी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. आणि निकाल काहीही लागो, त्याची प्रमाणित नक्कल काढून घरी जपून ठेवावी. निर्दोष सुटल्याचा कागद वर्षानुवर्षांनी चारित्र्य पडताळणीत किंवा पासपोर्टच्या वेळी हाती नसेल, तर सुटलेला माणूसही धावपळ करत राहतो.

हे सगळे ओझे एकट्या आरोपीवर टाकणे बरोबर नाही, हेही मला मनापासून म्हणायचे आहे. बेंच क्लार्कने छापील नमुना पुढे सरकवताना मजकूर वाचून दाखवावा, न्यायाधीशांनी 'समजले का' एवढ्यावर न थांबता 'काय समजले ते सांगा' असे विचारावे, आम्ही वकिलांनी पक्षकाराला दंडाच्या आकड्याआधी कलम सांगावे, यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. गुन्ह्याची शिक्षा लहान असली तरी तो नाकारण्याचा हक्क लहान नसतो. सरकारशी, पालिकेशी, पोलिसांशी सामान्य माणसाची समोरासमोर गाठ पडते ती बहुधा याच तालुक्याच्या कोर्टात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तो वाचत नाही. कायद्यासमोर सगळे समान असतात की नाही, हे तो या कोर्टातल्या दोन मिनिटांवरून ठरवतो. त्या दोन मिनिटांत त्याला आरोप नीट कळला, बोलायला जागा मिळाली आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिले गेले, तर शिक्षा झाली तरी त्याचा न्यायावरचा विश्वास टिकतो. त्यासाठी न्यायालयाने थोडे थांबले पाहिजे आणि त्यानेही, घरी जायची कितीही घाई असली तरी, समजेपर्यंत तिथून हलता कामा नये.